फवारे सुटायच्या आधी

मोठ्या बागेपाशी गाडी लावायला जागा मिळाली नाही,
म्हणून बाबा हमरस्त्याच्या वळणावर थांबले,
जिथे दोन रस्ते एकमेकांपासून फुटतात
आणि मधे गवताचा एक तिकोनी तुकडा उरतो,
कुणाचाच नसलेला.
“हीच बाग,” ते म्हणाले. “झाडं मोजा. तीन आहेत.”

तेहरानात शुक्रवारी संध्याकाळी
अर्धं शहर अशाच तुकड्यांवर पाय पसरून बसतं,
गाड्यांचे दिवे अंगावरून जाऊ देतं.

आईने गालिचा अंथरला. घरातला दुय्यम,
एका कोपऱ्यात समोवाराने भाजल्याचा डाग.
अख्तर खाला नेमकी त्या डागावरच बसते.
का म्हणून विचारलं, तर म्हणते,
अजून ऊब आहे तिथे.

कलिंगड रस्त्याकडेच्या पाटात सोडलं.
वरच्या डोंगरातलं पाणी, हात बधिर करणारं.
सोरूशला राखणीला बसवलं. वय वर्षं सहा.
त्याने बुटाची नाडी काढून
एक टोक देठाला बांधलं, एक आपल्या बोटाला,
आणि संध्याकाळभर एका बुटाने फटक फटक चालला.

विंझणा घरी राहिला. विंझणा दरवेळी घरी राहतो.
बाबांनी गाडीतल्या पायपुसण्याने कोळसे फुलवले.
मी आणि होर्मोझमामा जाळीशिवाय बॅडमिंटन खेळलो.
मधेच एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने
फूल तिसरीकडेच जाऊन पडलं.
“हा गुण ट्रकचा,” मामा म्हणाला, आणि खरंच मोजला.
शेवटी ट्रक जिंकला, अकरा-नऊ-सात.

तिसऱ्या झाडाखाली आणखी एक बिऱ्हाड होतं.
त्यांची पोरगी बशी घेऊन आली:
काकड्या, पुदिना, कागदाच्या पुडीत मीठ.
आई म्हणाली नको. पोरगी म्हणाली घ्या.
आई म्हणाली अगं कशाला.
पोरगी म्हणाली, परत नेली तर आई मला ओरडेल.
तिसऱ्या नकोनंतर आईने दोन्ही हातांनी घेतली,
जशी घ्यायची असते तशी.
निळ्या काठाची बशी, एका जागी टवका उडालेली.

आता ती भरून परत द्यायची, तर कबाब अजून कच्चे.

तेवढ्यात फुस्स.
जमिनीतून पालिकेचे फवारे उठले,
आधी रस्त्याच्या बाजूने, मग सरकत आमच्याकडे.
बाळ झोपलेलं. चहा ओतलेला.
खाला म्हणाली, माझे गुडघे आज उठणार नाहीत,
तुम्ही जा, मी भिजते.

बाबांनी एक टोक धरलं, मामाने एक, मी एक.
चौथं कुणी धरायचं?
तिसऱ्या झाडाखालचा माणूस धावत आला,
हातात अजून त्याचा घास होता.
तो त्याने तोंडात टाकला आणि टोक धरलं.

असा आमचा गालिचा उठला,
मधे खाला, खालाच्या मांडीवर बाळ,
सगळ्या काकड्या घरंगळत तिच्याकडे निघालेल्या,
आणि तिचा एक हात उंच, हातात चहाचा पेला.
रस्त्यावरच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले
जसे लग्नाच्या गाडीला वाजवतात.
खालाने मान डोलावून ते स्वीकारले.
चहा सांडला नाही. हे ती अजून सांगते.

त्या धांदलीत ते लोक कुठे गेले कळलं नाही.
कलिंगड सोरूशच्या बोटाला होतं,
आणि बशी आमच्याकडे.

आई रिकामी बशी परत करणारी बाई नाही.
पुढच्या शुक्रवारी तिने त्यात तुतं भरली,
तिसऱ्या झाडापाशी गेली. तिथे वेगळेच लोक.
तिने त्यांनाच दिली. त्यांनी तीनदा नको म्हटलं.
उठताना त्यांनी ती परत पाठवली,
त्यात अक्रोड.

आता गवतावर जायचं म्हटलं
की सोरूश आधी बशी शोधतो, मग बूट.
टवका दुसऱ्या जागीही उडाला आहे,
कुणाच्या गालिच्यावर, ते माहीत नाही.